गंजीफ्रॉकपासून महाधमनीपर्यंत

माझं मनगट मोडलं ते बाथरूममध्ये घसरून. त्यात शौर्यकथा काही नाही. गंमत पुढे आहे. प्लास्टर घालणाऱ्या मामांनी खोक्यातून पांढऱ्या कापडाची एक लांबच लांब नळी ओढली. पट्टी न लावता, नुसत्या नजरेच्या मापानं हातभर तुकडा कापला, अंगठ्यापाशी कात्रीचा चिमूटभर काप दिला आणि ती नळी सर्रकन माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत चढवली. वर कापसाच्या पट्टीचे वेढे. मग प्लास्टरची गुंडाळी बादलीत बुडवली, बुडबुडे यायचे थांबले तशी बाहेर काढून हलकेच पिळली आणि फिरवायला घेतली. शेवटचा वेढा देण्याआधी नळीची दोन्ही टोकं प्लास्टरच्या काठावर दुमडून घेतली. कडा टोचायला नको म्हणून.

“हे आधी काय घातलंत?”

“मोजा.”

“मग टाच कुठंय?”

“टाच पायाला लागते हो. हाताला काय करायचीय?”

मामांचं बरोबर होतं. दवाखान्यात या नळीला स्टॉकिनेट म्हणतात, आणि ती खरोखर टाच आणि चवडा नसलेला, मैलोगणती लांब मोजाच असते. हात गळ्यात बांधून सहा आठवडे घरी बसल्यावर माणूस एक तर मालिका बघतो, नाही तर असल्या नळीच्या नादाला लागतो. मी नळीच्या नादाला लागलो. हे विणकाम किती ठिकाणी लपून बसलंय ते कळत गेलं तसतसा हात खाजवायचा विसरलो. (हे खोटं आहे. खाजवायचा विसरलो नाही. त्याबद्दल शेवटी.)

विणतात सगळेच

मराठीचा एक घोळ आधी निस्तरू. आपल्याकडे साडी विणतात, स्वेटर विणतात, खाट विणतात आणि मासे पकडायचं जाळंही विणतात. क्रियापद एकच. पण मागावरचं विणकाम वेगळं आणि सुईवरचं वेगळं. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा, दोन्ही ताठ. सुईवर एकच धागा, आणि त्याचा फास आधीच्या फासातून बाहेर काढलेला. फासाला मोकळीक असते, म्हणून ओढलं की कापड रुंदावतं, सोडलं की परत येतं. धोतर ताणून बघा आणि बनियन ताणून बघा, म्हणजे सगळा सिद्धान्त कळेल.

आता हेच सुईकाम सरळ जाऊन परत येण्याऐवजी गोल गोल फिरवत नेलं की नळी होते. आजीला हे ठाऊक होतं. मोजा विणताना ती दोन्हीकडून टोकदार अशा चार-पाच सुया घ्यायची आणि धागा स्क्रूच्या आट्यांसारखा वर वर चढत जायचा. कुठे सुरू झालं, कुठे संपलं याचा पत्ता नाही, आणि शिवण तर नाहीच. शिवण नसणं हीच या वस्तूची सगळी मिजास आहे. प्लास्टरखाली सहा आठवडे शिवण दाबली गेली तर तिथे कातडी सोलवटेल. रक्तवाहिनीत शिवण आली तर रक्ताच्या वाटेत तेवढीच एक अडचण.

माणसाला पायासाठी नळी हवी हे मात्र यंत्राच्या फार आधी सुचलंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, तिसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यानचे. ते आजच्यासारखे चार-पाच सुयांवर विणलेले नाहीत, एकाच सुईनं धागा ओवत ओवत केलेले आहेत. आणि त्यांचा अंगठा वेगळा आहे, चपलेत घालता यावेत म्हणून. मोज्यावर चपला घालून फिरणाऱ्या आपल्या तमाम काकांना सतराशे वर्षांची परंपरा आहे, हे त्यांना हसणाऱ्या पुतण्यांनी ध्यानात घ्यावं.

गंजी कुठली, फ्रॉक कुठला

गंजीफ्रॉक हा शब्द आता जुन्या माणसांच्या तोंडीच उरलाय. त्यात ना गंज आहे, ना मुलींचा फ्रॉक. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत गर्न्सी नावाचं बेट आहे. तिथले कोळी अंगात लोकरीचा जाड, घट्ट विणीचा सदरा घालत, तो गर्न्सी फ्रॉक. जहाजांबरोबर तो इकडे आला. उन्हाळ्यात लोकर कोण घालणार, म्हणून सुती झाला, बाह्या गेल्या आणि जिभेवर घोळून घोळून गर्न्सीची गंजी झाली.

मूळ गर्न्सी फ्रॉकचं धड गोलाकार विणलेलं असे. नळीच. पुढचा आणि मागचा भाग हुबेहूब सारखा, त्यामुळे उलटा घातला तरी कोणाला कळत नसे. कोपरं झिजली की पुढचं मागे फिरवायचं, की बाह्यांची झीज वाटली जाते. काटकसर फक्त कोकणस्थांचीच मक्तेदारी आहे असं नाही.

त्याच खाडीतलं शेजारचं बेट जर्सी. क्रिकेटवाल्यांची जर्सी तिथली, टी-शर्टच्या साध्या विणीच्या कापडाला व्यापारात जर्सी म्हणतात ते तिथलं, आणि गोठ्यातली जर्सी गायही तिथलीच. दोन चिमुकल्या बेटांनी आपल्या अंगावरचं आणि आपल्या कपातलं असं दोन्ही व्यापून ठेवलंय.

तिसरा शब्द होजिअरी. इंग्रजीत होज म्हणजे पूर्वी पायात चढवायचं, मांडीपर्यंतचं वस्त्र. पुढे त्याच्यासारखी दिसते म्हणून लवचीक नळीलाही होजच म्हणू लागले. म्हणजे बनियन विकणारं होजिअरीचं दुकान आणि बागेत पाणी घालायचा होजपाइप हे शब्दांच्या नात्यानं सख्खे भाऊ. कापडाच्या नात्यानंही आहेत, ते पुढे येईलच.

चांगलं बनियन घेऊन कुशीत शिवण शोधा. बहुतेकदा सापडणार नाही, कारण धडाचा भाग नळीतूनच कापलेला असतो. बनियनवरचे ८०, ८५, ९० हे आकडे छातीचे सेंटिमीटर. त्या मापाची नळी विणायला त्या त्या व्यासाची यंत्रं असतात. तामिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या गल्ल्यांमध्ये ही यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. आणि स्वस्तातला टी-शर्ट दोन धुण्यांत पिळवटून त्याची कुशीची शिवण पोटावर येते ना, तोही या गोल फिरण्याचाच प्रसाद. सुताला पीळ असतो, नळीला आटे असतात. पाणी लागलं की दोघं आपापला हट्ट दाखवतात.

राणीनं नाही म्हटलं

हे विणकाम यंत्रावर आणलं विल्यम ली यानं, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी, १५८९ साली. तो पाद्री होता. प्रेयसी आपल्याकडे बघायची सोडून सारखी विणत बसते म्हणून चिडून त्यानं यंत्र काढलं, अशी कथा सांगतात. कथा इतकी गोड आहे की खरी नसावी. पहिल्या एलिझाबेथ राणीनं मक्तेदारीचा परवाना नाकारला. माझ्या गरीब प्रजेच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाल्याचं सांगतात. ली फ्रान्सला गेला, चौथ्या हेन्रीनं आश्रय दिला, आणि १६१० साली हेन्रीचाच खून झाला. माणसाचं नशीब उसवायला लागलं की असं उसवतं.

पुढे दोनशे वर्षांनी त्याच नॉटिंगहॅम परिसरात यंत्रं फोडणारे लुडाइट निघाले. ‘यंत्राचे शत्रू’ असा शिक्का त्यांच्यावर बसलाय, तो अर्धवट आहे. ते स्वतः पिढीजात यंत्रावर मोजे विणणारे कारागीर होते. १८११ साली त्यांनी हातोडे उचलले त्यामागे मजुरीची रड होतीच, पण एक राग नेमका शिवणीवर होता. काही मालक रुंद यंत्रावर ताग्यासारखं कापड विणून, त्यातून मोज्याचे आकार कापून, शिवून बाजारात आणत होते. असला मोजा स्वस्त पडे आणि लवकर उसवे, वर नाव कारागिरांचं खराब होई. बिनशिवणीच्या इज्जतीसाठी माणसं तुरुंगात गेली. सरकारनं यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली, आणि १८१२ साली त्या कायद्याविरुद्ध उमरावांच्या सभागृहात बोलायला उभा राहिला कवी बायरन. त्या सभागृहातलं त्याचं ते पहिलंच भाषण.

यंत्र गोल करायची कल्पना मात्र नळ्यांच्या वेडाच्या माणसाला सुचली. मार्क ब्रुनेल मूळचा फ्रेंच, राहायला इंग्लंडात. १८१६ साली त्यानं गोल विणकाम यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. त्यानं सैन्यासाठी यंत्रावर बूटही केले. पण वॉटर्लूची लढाई संपली, बूट पडून राहिले, आणि १८२१ साली कर्जापायी स्वारी तुरुंगात. बाहेर आला आणि १८२५ पासून थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा काढायला घेतला. १८४३ साली तो खुला झाला आणि आज त्यातून आगगाड्या धावतात. सुताची नळी चालली नाही, तर पठ्ठ्यानं विटांची करून दाखवली.

गोल यंत्राला खरी गती दिली एका बारक्या जिभेनं. लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडनं १८४९ साली आकडीला जीभ जोडलेल्या सुईचं पेटंट घेतलं. आज जगभर चालते ती हीच लॅच सुई. ती जवळून बघितली की बघतच राहावंसं वाटतं. सुई वर जाते, तेव्हा गळ्यात असलेला जुना फास जीभ पाडून खाली सरकतो. आकडी नवा धागा पकडते. सुई खाली येते, तेव्हा तोच जुना फास जिभेला वर ढकलून आकडीचं तोंड बंद करतो आणि वरून निसटतो. नवा फास त्याच्यातून आलेला असतो. म्हणजे दार उघडणारा आणि जाता जाता लावून घेणारा एकच. एवढा शहाणा पाहुणा आमच्या घरी कधी आला नाही.

आता हिशेब करा. तीस इंच व्यासाचं यंत्र, इंचाला चोवीस सुया, म्हणजे घेरात सुमारे २,२६० सुया. नव्वद ठिकाणांहून नव्वद धागे आत येतात. मिनिटाला तीस फेरे धरले तर टाके होतात जवळजवळ एकसष्ट लाख. मिनिटाला! २००६ साली नेदरलँड्सच्या मिरियम तेगेल्स यांनी हातानं मिनिटाला ११८ टाक्यांचा विक्रम केला होता. राणीची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

मेंटल

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गॅसबत्ती, म्हणजे पेट्रोमॅक्स. वरातीत डोक्यावर, तमाशाच्या कनातीत खांबाला, आणि वीज गेली की लग्नघरात धावपळ, “अरे, मेंटल आणा, मेंटल!” ते मेंटल म्हणजे विणलेली, दोऱ्यानं तोंड बांधलेली छोटी कापडी पिशवी. मोज्याच्याच जातीच्या नळीचा तुकडा.

पण ते जळत कसं नाही? तर ते जळतंच. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं सुती नळी काही क्षारांच्या द्रावणात भिजवली. पहिलं पेटंट १८८५ चं. त्याचा उजेड हिरवट आणि जाळी फार नाजूक. १८९१ साली त्याला प्रमाण सापडलं, नव्व्याण्णव भाग थोरियम आणि एक भाग सेरियम. पहिल्यांदा काडी लावली की सूत जळून जातं आणि मागे क्षारांच्या राखेचा सांगाडा उरतो, अगदी टाक्याला टाका जुळलेला. तो तापला की पांढरा लख्ख पेटतो. म्हणजे गॅसबत्तीत आपण ज्याच्या उजेडात पंगती उठवल्या ते कापड नव्हतंच, कापडाचं भूत होतं. म्हणून तर मेंटल एकदा जाळून घेतलं की कोणाला हात लावू देत नसत. बोट लागलं की भुकटी. लग्नातल्या एखाद्या उत्साही मामाचा धक्का लागायचा आणि अंधारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

आणि आता काथ्याची गोष्ट. हे थोरियम येई मोनाझाइट वाळूतून, आणि त्या वाळूसाठी सगळे ब्राझीलच्या तोंडाकडे बघत. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या नारळाच्या काथ्याला चिकटलेले वाळूचे कण दिसले. तपासले तर मोनाझाइट! पाठोपाठ कन्याकुमारीजवळ मनवलाकुरिची इथे वाळू उपसायचा कारखाना निघाला. भारताच्या अणुकार्यक्रमात थोरियमचं एवढं नाव निघतं, त्याचा पत्ता असा दिव्याच्या मोज्यापायी लागला. थोरियम किंचित किरणोत्सारी असल्यामुळे पुढे बऱ्याच ठिकाणी मेंटलमध्ये दुसरी धातू आली. आउअर महाशय तेवढ्यावर थांबले नाहीत. लायटरमध्ये ठिणगी पाडणारी बारीक चकमकही त्यांचीच.

टेरिकॉटचं रक्त

इथे जरा थांबू, कारण या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथली आहे.

ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकल डिबेकी. आईवडील लेबनॉनहून अमेरिकेत आलेले. आईनं मुलाला शिवण, विणकाम, सगळं शिकवलेलं. १९५० च्या दशकात महाधमनी फुग्यासारखी फुगलेले रोगी त्यांच्यासमोर येत. तो भाग कापून टाकायचा, पण जागी लावायचं काय? डिबेकी गावातल्या एका मोठ्या दुकानात नायलॉनचं कापड घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदार म्हणाला, हे नवीन आलंय, डेक्रॉन. त्यांनी ते घेतलं, घरी आले, बायकोच्या शिलाई मशीनवर दोन पट्ट्या जोडून नळी शिवली. १९५४ साली डेक्रॉनची नळी माणसाच्या पोटात, महाधमनीच्या जागी बसली. नायलॉन शरीरात हळूहळू कमजोर होतं हे नंतर कळलं. त्या दिवशी दुकानात नायलॉन असतं तर?

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजे टेरिलीन. १९४१ साली मँचेस्टरकडे शोधलेलं हे सूत पुढे आपल्याकडे टेरिकॉटच्या पँटी होऊन आलं. वडिलांची इस्त्री न मोडणारी पँट आणि माणसाची कृत्रिम धमनी, दोन्हींचा धागा एकाच जातीचा.

शिलाई मशीनवरच्या नळीला अर्थात शिवण होती, आणि ती डिबेकींना खुपत होती. मग फिलाडेल्फियाचे वस्त्रतंत्रज्ञ टॉमस एडमन यांच्या मदतीनं सलग, बिनशिवणीची नळी विणणारं यंत्र तयार झालं. दुसऱ्या मंडळींनी या नळ्यांना चुण्या पाडल्या, शहाळ्याच्या वाकड्या होणाऱ्या स्ट्रॉला असतात तशा. चुण्या नसल्या तर नळी वाकवली की चिमटते आणि रक्त अडतं.

सुईवर विणलेल्या नळीची एक अडचण उघड आहे, ती गळते. फासांमधून भोकं असणारच. त्यावर शल्यविशारदांनी काढलेला उपाय ऐकून मी मोडलेला हात विसरून ताठ बसलो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याचंच थोडं रक्त काढून घ्यायचं आणि नळी त्यात भिजवून मुरवायची. रक्त गोठून भोकं बुजतात. गाडगं पहिल्यांदा वापरण्याआधी आपण भिजवतो, तसलाच प्रकार. पुढे त्याच भोकांमधून शरीराच्या पेशी आत शिरतात आणि नळीला आतून घट्ट धरून ठेवतात, म्हणून भोकं हा दोषही आणि गुणही. आता नळ्या कारखान्यातूनच कोलॅजन किंवा जिलेटिन लावून येतात, रक्त मुरवायचा खटाटोप संपला. वर्षं गेली की सुईवरची नळी थोडी सैलावते, हेही खरं. म्हणून छातीतल्या महाधमनीसाठी बहुधा मागावर विणलेली घट्ट नळी घेतात. पोटातल्या आणि मांडीतल्या धमन्यांसाठी सुईवरचीही चालते. ती मऊ, शरीराच्या वळणाला वळणारी आणि टाके घालायला सोपी.

गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे. २००५ च्या ३१ डिसेंबरला डिबेकींच्या स्वतःच्या छातीत कळ आली. वय ९७. महाधमनीचा थर फाटला होता, आणि त्यावरची शस्त्रक्रिया त्यांनीच घडवलेली. इतक्या म्हाताऱ्या माणसावर ती करावी का, यावर रुग्णालयात खल झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्या छातीत डेक्रॉनची नळी बसवली. ते बरे झाले, पुन्हा कामावर जायला लागले आणि जुलै २००८ मध्ये गेले, शंभरीला दोन महिने कमी असताना.

विणलेल्या नळ्यांच्या कुटुंबातली आणखी दोन-तीन मंडळी भराभर. जर्मनीच्या स्ट्रेकर यांनी १९८० च्या दशकात टँटलम धातूच्या तारेचा विणलेला स्टेंट काढला. नळीच्या भिंतीत फासच फास, त्यामुळे तो वाकतो. अन्ननलिका गाठीनं बंद झालेल्या रोग्यांसाठी पुढे निटिनॉल या मिश्रधातूच्या तारेचे विणलेले स्टेंट निघाले. त्यामुळे घोट गिळता येतो, आणि त्या रोग्याला त्याहून जास्त काही नको असतं. हृदय मोठं होत चाललेल्या रोग्यांच्या हृदयावर चढवायचा विणलेला पॉलिएस्टरचा मोजाही झाला, नाव कॉरकॅप. अमेरिकेत मात्र त्याला मान्यता मिळाली नाही. हृदयाला मोजा घालण्याची कल्पना कवींना सुचायला हवी होती, ती कंपनीला सुचली.

आणि हे नळीचं नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार म्हणून विणलेली जाळी बसवतात. ती महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ साली सहकाऱ्यांबरोबर त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी लोकांनी नाकं मुरडली असणारच. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युगांडातल्या रुग्णांवरची रीतसर चाचणी छापून आली. मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची जाळी यांत वर्षभरानंतर म्हणण्यासारखा फरक नाही. किमतीत होता, एक डॉलर विरुद्ध सव्वाशे डॉलर. दोंडाईचा झिंदाबाद!

पोहण्याच्या तलावात सुचलेला मोजा

कॉनराड जॉब्स्ट हा अमेरिकेतल्या टोलेडोचा इंजिनिअर. पायाच्या शिरा फुगून जखमा झालेल्या, उभं राहवत नसे. तलावात छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की मात्र पाय हलके होत. इंजिनिअरच तो, विचार करत बसला. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त आणि वर वर कमी. तोच दाब कोरड्यात देणारा मोजा त्यानं १९५० च्या सुमारास तयार केला. आज व्हेरिकोज व्हेन्ससाठी डॉक्टर लिहून देतात तो घट्ट मोजा तोच. पायाची रक्तवाहिनीच बारीक झालेल्यांनी तो मनानं घालू नये, विचारून घालावा. आणि घालणाऱ्यांनी वरची कड गुंडाळून खाली सारू नये. गुंडाळलेली कड दोरीसारखी करकचते आणि दाब नेमका उलट्या जागी पडतो.

हे मोजे चढवणं हा स्वतंत्र मल्लखांब आहे. शिक्षक, न्हावी, वाहतूक पोलीस, दिवसभर उभं राहणाऱ्या कोणालाही विचारा. शस्त्रक्रियेनंतर पायात घालतात त्या पांढऱ्या मोज्यांना बोटांपाशी एक भोक असतं. ते फाटलेलं नसतं, बोटांचा रंग बघायला नर्सला ठेवलेली खिडकी असते. आमच्या शेजारच्या काकूंनी ती सुईदोऱ्यानं नीट बुजवली होती.

मुरगळलेल्या घोट्यावरच्या लवचीक नळ्यांना मापासाठी इंग्रजी अक्षरं असतात. मलमावर घालायच्या मऊ नळ्यांना लाल, हिरवी, निळी, पिवळी रेघ असते. रंग म्हणजे घेर. एक्झिमा झालेल्या लहान मुलांना मलम लावून वर ओली नळी आणि त्यावर कोरडी नळी चढवतात, म्हणजे कातडी ओलसर राहते आणि नखं लागत नाहीत.

कारखान्यातले मोजे

गाडीच्या रेडिएटरचा काळा वाकडा पाइप कापलात, तर रबराच्या दोन थरांमध्ये सुताचे विणलेले टाके दिसतील. पाइपाला वळण द्यायचं असतं आणि सुईवरचं कापड कुठल्याही वळणाला तक्रार न करता वळतं, म्हणून. बागेच्या पाइपातही धागे असतात, काहींत वेणीसारखे गुंफलेले आणि काहींत खरोखर टाके घातलेले. होजिअरी आणि होजपाइप भाऊ आहेत म्हटलं होतं, ते हे. आगीच्या बंबाच्या नळीची जात मात्र वेगळी. ती गोल मागावर विणतात, कारण तिथे ताणलं जाणं हाच गुन्हा.

लोखंडी पत्रा किंवा काच हाताळणारे कामगार मनगटापासून दंडापर्यंत पिवळट नळ्या चढवतात. ते केव्हलार. स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ साली सापडलेलं हे सूत वजनाला वजन धरलं तर पोलादापेक्षा पाचपट मजबूत. डझनावर मिळणारे पांढरे सुती हातमोजेही बिनशिवणीचे असतात. जपानच्या वाकायामात मासाहिरो शिमा यांनी १९६२ साली कंपनी काढली आणि हातमोजे आपोआप विणणारी यंत्रं केली. मग त्यांच्या डोक्यात आलं, तीन बोटांचा हातमोजा उलटा धरला तर दोन बाह्या आणि एक धड दिसतं की! १९९५ साली त्यांनी अख्खा स्वेटर एका दमात, एकही शिवण न घालता विणणारं यंत्र बाजारात आणलं.

स्टीलच्या तारेचीही नळी विणतात, मोज्याच्याच यंत्रावर. ती दाबून, घड्या घालून जाड गादी करतात आणि रासायनिक कारखान्यांत, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत वाफेच्या वाटेवर बसवतात. वाफ टाक्यांमधून निघून जाते, खारट थेंब तारेला अडकतात आणि मोठे होऊन खाली पडतात. पातेल्यावरच्या झाकणीचंच काम, फक्त झाकणीला लाखो टाके.

आणि जमिनीखाली. भोकांच्या निचरा पाइपांवर विणलेला मोजा चढवतात, म्हणजे पाणी आत येतं आणि माती बाहेर राहते. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनींत असे सच्छिद्र पाइप पुरतात आणि त्यांवर गाळणीचं कापड गुंडाळतात. ते नेहमी विणलेलंच असतं असं नाही, पण काम मोज्याचंच. मोजा नसेल तर काही वर्षांत पाइपात माती भरते आणि शेतकऱ्याचे पैसे अक्षरशः मातीत जातात.

आता त्या खाजेबद्दल

दहाव्या दिवशी माझ्या प्लास्टरच्या आत असं काही सुटलं की मी आत्याच्या पिशवीतली विणायची सुई काढली आणि आत घातली. दोन मिनिटं स्वर्ग. नंतर कळलं की सुईनं आतली नळी गोळा करून मनगटापाशी तिची वळकटी करून ठेवली होती. जी वस्तू कातडीला काही बोचू नये म्हणून घातली, तीच महिनाभर बोचत राहिली. प्लास्टर काढताना मामांनी घरघरणारं कटर लावलं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे टणक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी पात्याबरोबर हलून बचावते. खाली नळी दिसली तसे ते थांबले, वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“सुई की पट्टी?”

“सुई.”

“सगळे तेच करतात,” म्हणाले आणि कात्रीनं नळी उभी कापून टोपलीत टाकली.

खाज सुटली तर हेअर ड्रायरचा थंड झोत प्लास्टरच्या तोंडातून आत सोडा, आराम पडतो. आत ओरखडा उठला तर तो दिसत नाही, चिघळतो, आणि डॉक्टरला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. घरात कोणाला प्लास्टर घातलेलं असेल तर विणायच्या सुया कुलपात ठेवा.